सकाळचे थेंब, स्प्रिंग क्लिप आणि रेडिएटरचे पाईप : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा सुरू झाला की या पानावर येणारी निम्मी पत्रं पाण्याचीच असतात. गाडी हीट होते, पाणी कमी होतं, पाईप फुटला. यावेळी त्यातली जुन्या गाड्यांची पत्रं वेगळी काढलीत, कारण बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच विचारलंय, रेडिएटरच्या पाईपचं टोक आवळून धरायला स्क्रूची क्लिप चांगली की स्प्रिंगची, आणि स्प्रिंगची बसवायची कशी.

प्रश्न : सर, वडिलांची १९८१ ची प्रीमियर पद्मिनी आहे, अजून रोज नाही पण आठवड्यातून दोन-तीनदा काढतो. सकाळी गाडीखाली पाण्याचे थेंब दिसतात आणि गाडी फिरवून आणली की काहीच नाही, सगळं कोरडं. मिस्त्रीनं वरच्या पाईपची क्लिप दोनदा आवळली तरी गळूलालंय. आता दुसरा एकजण म्हणतोय स्प्रिंगची क्लिप टाका. टाकू का? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : टाका, पण आधी गळती सकाळीच का होते ते बघा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. इंजिन तापलं की पाईपचं रबर फुगतं, पण क्लिपच्या पट्टीखाली त्याला फुगायला जागा नसते म्हणून ते तिथं दबून जातं, आणि असं महिनोन्‌महिने झालं की गार झाल्यावर ते परत मूळ जाडीला येतच नाही. स्क्रूची क्लिप जेवढी आवळली तेवढ्याच घेराची राहते, तिला काय कळणार खालचं रबर पातळ झालंय ते. मग रात्री सगळं गार होऊन आकसलं की क्लिप आणि पाईपमध्ये पकड ढिली पडते आणि थेंब थेंब पाणी बाहेर येतं, सकाळी गाडी तापली की रबर फुगून परत घट्ट. म्हणून तुम्हाला दिवसा काही दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत पहाटे गारठा असतो तेव्हा हे जास्त होतं का ते आठवून बघा, होत असेल तर निदान पक्कं.

स्प्रिंगची क्लिप इथं कामाला येते कारण ती स्वतःच आत दाबत राहते. रबर फुगलं की ती थोडी उघडते, आकसलं की मागोमाग ती पण आकसते, दाब जवळजवळ सारखाच राहतो आणि पुन्हा आवळायची भानगड नाही. म्हणूनच पुढच्या काळात कारखान्यांनी नव्या गाड्यांना सरसकट ह्याच क्लिपा दिल्या. बाजारात त्यांना कमी समजतात, स्क्रू दिसला की माणसाला भरोसा वाटतो, पण गरम-गार होणाऱ्या रबरावर स्प्रिंगच जास्त इमानदार आहे असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. दोनदा आवळून थांबलं नाही म्हणजे नुसती क्लिप बदलून थांबेलच असं नाही. पद्मिनीचा रेडिएटर तांबं-पितळेचा, त्याचं तोंड, म्हणजे पाईप चढतो ती आखूड नळी, पितळी आणि झाळून बसवलेलं, इतक्या वर्षांत त्या तोंडावर पांढरा-हिरवा थर चढतो, खड्डे पडतात, आणि कुणीतरी कधीतरी पाईप काढताना पक्कडीनं दाबून ते थोडं अंडाकार केलेलं असतं. अशा तोंडावर कुठलीच क्लिप टिकत नाही. पाईप काढा, बोट फिरवून बघा. खड्डा हाताला लागला तर रेडिएटरवाल्याकडून डाग भरून गोल करून घ्या. आणि पाईपच कडक होऊन टोकाला चिरा पडल्या असतील तर नवीन क्लिपेचे पैसे वाया.

गाडी टिकवताय याचा आनंद वाटला. प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद मूळचे आपल्या सोलापूरचे, १८८२ साली इथंच जन्मले, आणि त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी सोलापूरच्या रस्त्यावर चालती राहिली पाहिजे असं मनापासून वाटतं.

प्रश्न : वरचा-खालचा दोन्ही पाईप नवीन आणलेत, स्प्रिंग क्लिपा पण मिळाल्या. काम घरीच करायचंय, अंगणात जागा आहे, साधी हत्यारं आहेत. नीट सांगाल का, क्रमानं? क्लिप एकदा हातातून सुटून भिंतीवर आपटली तेव्हापासून जरा भीती बसलीय. (वाचक, होटगी रोड)

उत्तर : भीती बरोबर आहे, ती जाऊ देऊ नका. ही क्लिप म्हणजे दाबून धरलेलं पोलाद आहे, सुटली तर डोळ्याला लागू शकते. चष्मा घाला, वेल्डिंगवाल्याचा पारदर्शक मिळतो तो चालेल, आणि क्लिप उघडताना तोंड तिच्या रेषेत आणू नका.

काम गार इंजिनवर. संध्याकाळी गाडी लावली तर सकाळी करा, आपल्याकडं मे महिन्यात रात्री नऊला पण इंजिन हाताला चटका देतं. गाडीला इलेक्ट्रिक फॅन असेल तर बॅटरीची एक वायर काढून ठेवा, कारण काही गाड्यांत चावी बंद असली तरी गरमीनं फॅन अचानक फिरायला लागतो आणि तुमचा हात नेमका तिथंच असतो. मग रेडिएटरची कॅप काढा, खालचा कॉक उघडून पाणी एका स्वच्छ टबात घ्या. कूलंट, म्हणजे गंज थांबवायला आणि पाणी उशिरा उकळायला पाण्यात घालतात ते रसायन, घातलेलं असेल तर ते गटारीत किंवा अंगणात सोडू नका, ते चवीला गोडसर असतं आणि विषारी असतं, कुत्री, गुरं चाटतात. टब झाकून ठेवा.

जुना पाईप ओढून काढायचा नाही. हे अगदी पक्कं लक्षात ठेवा, जुन्या गाडीत सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. चाळीस वर्षांचा पाईप तोंडाला चिकटून बसलेला असतो, तुम्ही पिळून ओढलं की पितळी तोंडाची झाळ सुटते आणि दीडशे-दोनशे रुपयांच्या पाईपसाठी रेडिएटर खोलायची वेळ येते. पाईप नाहीतरी टाकायचाच आहे, धारदार कटरनं टोकाला लांबीत चीर द्या, पातं हलकं धरा म्हणजे तोंडाला ओरखडा पडणार नाही, आणि केळं सोलावं तसा सोलून काढा. फेकायच्या आधी नवीन पाईप त्याच्या शेजारी ठेवून वाकणं जुळतात का बघा, कारण एका गाडीचा पाईप दुसरीला जवळपास बसतो पण वाकण जरा वेगळी असते, मग तो फॅनला नाहीतर बेल्टला घासतो.

तोंडं साफ करा. बारीक पॉलिश पेपर, गोल गोल फिरवून, लांबीत नाही, कारण लांबीत पडलेली रेघ म्हणजे पाण्याला बाहेर यायला वाट. जुन्या रबराचे तुकडे, आधीच्या मिस्त्रीनं लावलेलं गॅस्केटचं सोल्युशन, सगळं निघालं पाहिजे. तोंडाच्या टोकाला एक उंचवटा असतो, गोल कडं, ते शाबूत आहे ना बघा, पाईप निसटू नये म्हणून ते असतं.

आता क्लिप. क्लिप आधी पाईपवर चढवायची, मग पाईप तोंडावर, हे उलटं झालं तर परत सगळं काढावं लागतं. तिचे दोन कान दाबले की ती उघडते. साध्या पक्कडीतून कान घसरतात, म्हणून ग्रिप प्लायर वापरा, कानावर लॉक करून उघडी ठेवता येते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. अडचणीच्या जागी वायरवाला क्लिप प्लायर मिळतो, एकदा घेतला की आयुष्यभर पुरतो. क्लिप गरजेपुरतीच उघडा, कान एकमेकांच्या पार पुढं जाईपर्यंत दाबली तर तिचा दम जातो आणि मग ती नुसती कडं म्हणून बसते.

पाईप चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा किंवा थोडं कूलंटच लावा. ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही, खोबरेल तेल पण नाही. आजकालचे चांगले पाईप ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात, त्यांना उष्णता चालते पण तेल चालत नाही, तेलानं ते फुगून मऊ पडतात. तेलाचा अजून एक तोटा, तो भाग कायमचा निसरडा राहतो. पाईप गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर मऊ होतो आणि हातानं सरकतो.

पाईप उंचवट्याच्या पार आत सरकवा, पूर्ण. क्लिपेची जागा उंचवट्याच्या मागं, सपाट भागावर. उंचवट्यावर बसली तर एक कडा अधांतरी राहते, पाईपच्या अगदी टोकावर बसली तर टोक चिरतं. क्लिपेच्या पलीकडं पाईपचं टोक तीन ते पाच मिलिमीटर दिसलं पाहिजे. कान अशा बाजूला ठेवा की पुढच्या वेळी प्लायर पोचेल आणि ते फॅनला, बेल्टला, दुसऱ्या पाईपला लागणार नाहीत. मग हळू सोडा, झटक्यात नाही.

मापाचं सांगायचं राहिलं. स्क्रूची क्लिप दोन-चार मापं सांभाळून घेते, स्प्रिंगची नाही घेत. पाईप तोंडावर चढवल्यावर त्याचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्या मापाची क्लिप घ्या, बहुतेक क्लिपांच्या पट्टीवर माप ठोकलेलं असतं. हातानं फिरवली आणि फिरली तर ती मोठी आहे, दुसरी आणा.

पाणी भरताना घाई नको. हळू ओता, वरचा पाईप हातानं दाबत राहा म्हणजे हवा निघते. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवा. कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप, उघडला की वरचा पाईप एकदम गरम लागतो आणि रेडिएटरमधली पातळी खाली जाते, तेव्हा परत भरा आणि कॅप लावा. एक चक्कर मारून या. आणि खरी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण गार असताना, कोरडा पांढरा कागद दोन्ही टोकांखाली फिरवून. कॅप उघडून पातळी पण तेव्हाच बघा.

प्रश्न : काका, माझ्या सासऱ्यांची १९८७ ची मारुती ८०० आहे, ती मीच चालवते. पाईपला पहिल्यापासून स्प्रिंगच्या चपट्या क्लिपा आहेत. गॅरेजवाले म्हणतात ताई ह्या जुन्या झाल्या, काढून टाकू आणि स्क्रूच्या लावू. गळत तर काही नाही. काय करू? (वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : गळत नसेल तर नाही म्हणा, आवाज चढवायची गरज नाही, नुसतं नाही म्हणा. पाईप बदलायची वेळ येईल तेव्हा क्लिपा बाहेर काढून बघा. गंज खाऊन पट्टी पातळ झाली असेल, कुठं बारीक तडा असेल किंवा नवीन क्लिपेच्या शेजारी धरल्यावर ती जास्त उघडी दिसत असेल तर बदला, नाहीतर साफ करून तीच परत वापरा. स्प्रिंग पोलादाची क्लिप नीट वापरली तर पाईपपेक्षा जास्त जगते. परत बसवताना पाईपवर तिचा जुना दबलेला ठसा दिसतो, पाईप तोच ठेवणार असाल तर क्लिप त्याच ठशावर बसवा, थोडी बाजूला बसली की ठशाच्या कडेनं पाणी वाट काढतं.

पाईप मात्र हातानं तपासत जा ताई, वर्षातून एकदा तरी, मार्च लागायच्या आत. गार गाडीवर, क्लिपेपासून दोन-तीन बोटं आतल्या बाजूला चिमटीत दाबायचं, कारण पाईप आतून कुजतो तो टोकांजवळ जास्त. बाहेरून काळाभोर, चकचकीत दिसतो आणि आत बारीक चिरा पडलेल्या असतात. दाबल्यावर मधल्या भागापेक्षा टोक मऊ लागलं किंवा आत करकर झाली तर तो गेला.

प्रश्न : पुण्याहून निळे सिलिकॉनचे पाईप आणलेत ॲम्बेसिडरसाठी. त्यावर ह्या क्लिपा चालतील? (वाचक, विजापूर रोड)

उत्तर : माप बरोबर असेल तर चालतील, आणि साध्या स्क्रूच्या क्लिपेपेक्षा बऱ्या चालतील. स्क्रू क्लिपेच्या पट्टीला ज्या खाचा असतात त्यातून सिलिकॉन बाहेर येतं आणि कापलं जातं, म्हणून स्क्रूचीच लावायची असेल तर आतून सपाट अस्तर असलेली घ्या. सिलिकॉनच्या पाईपची जाडी वेगळी असते, तेव्हा जुन्या पाईपच्या मापानं क्लिप आणू नका. तारेच्या गोल स्प्रिंग क्लिपा मात्र सिलिकॉनवर नको, त्यांचा दाब एका रेषेत पडतो. बाकी मला विचाराल तर ॲम्बेसिडरच्या बॉनेटखाली काळा पाईपच शोभतो.

प्रश्न : माझी पण ॲम्बेसिडर, पेट्रोल. रेस केली की खालचा पाईप आत चपटा होतो. क्लिपमुळं होतं का? (वाचक, शेळगी)

उत्तर : नाही, क्लिपेचा संबंध नाही. खालच्या पाईपमधून वॉटर पंप पाणी ओढतो, म्हणजे तिथं दाब नाही, ओढ असते. पाईप मऊ पडला असेल किंवा आतली गोल स्प्रिंग गंजून गेली असेल तर जोरात रेस केल्यावर तो आत बसतो आणि नेमकं हायवेला पाणी कमी पडून गाडी हीट होते, गावात काही जाणवत नाही. नवीन पाईप घेताना आतली स्प्रिंग आहे का बघा, जुन्यात होती आणि नव्यात नसेल तर घेऊ नका. नवीन पाईप टाकून पण चपटा झाला तर रेडिएटर आतून तुंबलाय.

एक फरक ओळखा. गाडी बंद करून गार झाल्यावर वरचा पाईप चपटा दिसत असेल तर ते वेगळं दुखणं, ते कॅपचं. कॅपमध्ये खालच्या बाजूला एक छोटा वॉल्व्ह असतो, गार होताना तो हवा किंवा पाणी आत घेतो, तो अडकला की पाईप आत ओढला जातो. कॅप बदला, पण गाडीला जेवढ्या प्रेशरची सांगितलीय तेवढीच. काहीजण नव्या गाडीची ०.९ लिहिलेली कॅप जुन्या गाडीला लावतात, म्हणजे ०.९ बार, साधारण १३ पीएसआय (दोन्ही दाब मोजायची मापं), का तर पाणी उशिरा उकळतं. ते खरं आहे, दर पीएसआयमागं उकळायचं तापमान अंदाजे दीड अंशानं वर जातं, पण जुन्या झाळकामाच्या रेडिएटरला आणि जुन्या पाईपला तो दाब सोसत नाही, नवीन क्लिपा लावल्या तरी पाणी दुसरीकडून फुटून येतं.

प्रश्न : बोअरचं पाणी घातलं तर काय होतं? उन्हाळ्यात रोज थोडं घालावंच लागतं. (वाचक, बाळे)

उत्तर : आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा दगड जमतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि तोंडांवर जमतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं घाला, गंज पण थांबतो आणि उकळायचं तापमान पण वाढतं. आणि रोज घालावं लागतंय म्हणजे कुठंतरी जातंय, ते आधी शोधा, वरचं उत्तर वाचून दोन्ही पाईपच्या टोकांपासून सुरुवात करा. तिथं कोरडं असेल आणि सायलेन्सरमधून गरम गाडीला पण पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल तर ते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील, गेलंय, मग गाडी चालवू नका.

प्रश्न : दर वर्षी नवरात्रात जुनी गाडी घेऊन तुळजापूरला जातो. घाटात पाईप फुटला तर काय करायचं, जवळ काय ठेवायचं? (वाचक, दमाणी नगर)

उत्तर : डिकीत एक वरचा पाईप, एक खालचा, दोन-तीन स्क्रूच्या क्लिपा, पेचकस, कटर, पाच लिटर पाणी आणि जाड कापड. हो, रस्त्यासाठी स्क्रूच्याच क्लिपा, कारण अंधारात, गर्दीत, गरम इंजिनवर ग्रिप प्लायरनं स्प्रिंग उघडत बसायची ती जागा नाही, आणि स्क्रूची कुठल्याही मापाला जमवून घेता येते. घरी आल्यावर स्प्रिंगची परत लावा.

वाफ दिसली की कडेला घ्या, इंजिन बंद, बॉनेट उघडा आणि वाट बघा, अर्धा तास तरी. गरम असताना कॅप उघडायची नाही, कापड धरून पण नाही, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं आणि ते तोंडावर येतं. देवीच्या वाटेवर लोक मदतीला धावून येतात, त्यातला कुणीतरी हमखास कॅपला हात घालतो, त्याला पण थांबवा. गार पाणी तापलेल्या इंजिनवर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये एकदम ओतू नका, हेडला तडा जातो.

पाईप टोकाजवळ फाटला असेल आणि लांबीला थोडी सवड असेल तर फाटलेला भाग कापून टाका, पाईप परत तोंडावर सरकवा, क्लिप आवळा. मधेच चीर असेल आणि दुसरा पाईप नसेल तर पुसून कोरडा करून स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप ताणून घट्ट गुंडाळा, चिरेच्या दोन्ही बाजूंना चार बोटं पुढंपर्यंत. मग कॅप पहिल्या खाचेपर्यंतच लावा म्हणजे दाब तयार होणार नाही आणि टेप टिकेल, पण दाब नाही म्हणजे पाणी लवकर उकळणार, तेव्हा सावकाश चला, काट्यावर नजर ठेवा, दर सात-आठ किलोमीटरला थांबून बघा. घाट चढत असाल तर पुढं जाऊ नका, वळवून उतारानं तामलवाडीकडं खाली या, तिथून सोलापूरपर्यंत रस्ता सपाट आहे आणि चढाएवढं इंजिन तापत नाही.